दळण चालू आहे

"काय दळताय, जावईबापू? ज्वारी की बाजरी?"

सासरे चहाचा कप घेऊन दारात उभे. जावयाने हेडफोन एका कानावरून सरकवला. समोर उघडलेलं होतं ऑफिसचं साधं एक्सेल. तेवढ्यावर टेबलाखालचा सीपीयू फॅन घरघरत चढला, उतरला, पुन्हा चढला.

"प्रोसेसर तापतोय, बाबा. म्हणून पंखा पळतो."

"दळायला काही नसताना?"

स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे हलत होते. 48, 63, 51. जावयाचा चेहराही त्यांच्यासोबत वरखाली होत होता. साठाच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा पण. आणि आवाजही नको, हा हट्ट.

"आणि पीठ मैद्यासारखं हवं," सासरे म्हणाले.

सासऱ्यांची उभी नोकरी पिंपरीच्या कारखान्यात ब्लोअरशेजारी गेलेली. त्यामुळे हिशेब तोंडपाठ. "वेग निम्मा केलात तर हवा निम्मी होते, पण वीज लागते आठवा हिस्सा. आवाज उतरतो पंधराएक डेसिबलने. पंखा केवढा आहे तुमचा?"

"92 मिलिमीटर."

"तिथेच मेख आहे. मोठा हीटसिंक घ्या, 120 नाहीतर 140चा पंखा लावा. सावकाश फिरेल, हवा तेवढीच देईल. आणि एक्सेल उघडल्याबरोबर याने धावायचं कशाला?"

"क्षणभर ताण येतो ना, तापमान उडी मारतं."

"आणि क्षणभरात उतरतं. बायोसमध्ये जा. फॅन कर्व्ह साठपर्यंत सपाट ठेवा आणि स्टेप-अप टाइम वाढवा, म्हणजे पंखा जरा थांबून वेग घेईल. तेवढी उष्णता हीटसिंक पोटात घालतो."

जावई बघतच राहिला. "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"निवृत्त माणसाला यूट्यूब असतं."

मग बाजूचं झाकण निघालं. हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा राखाडी थर नमद्यासारखा बसला होता. हवा जायला फट म्हणून उरली नव्हती. सासऱ्यांनी एका बोटाने पंखा धरून ठेवला, दुसऱ्या हाताने जुना ब्रश फिरवला आणि निघालेला गोळा वर्तमानपत्रावर ठेवला.

"दळण निघालं बरं का. हे घरी न्यायचं की इथेच?"

जावयाला हसू आलं नाही. "पण गेम खेळताना नव्वदच्या वर जातो, त्याचं काय?"

"जाऊ द्या की. तुमची ही रायझन 7000 मालिका 2022 मध्ये आली, तेव्हा एएमडीनेच सांगितलं होतं, पूर्ण ताणावर 95 अंश हे ठरवूनच ठेवलंय. तुमचं डोकं तापतं साठाला, त्याचं पंच्याण्णवला. एवढंच वाटत असेल तर इको मोड लावा. 170 वॉटचा प्रोसेसर 105वर येईल."

"स्पीड कमी होईल!"

"एक्सेलचा?"

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. पण सासऱ्यांची नजर एसीच्या रिमोटवर गेली. 18.

"खोली दहा अंशांनी उतरली की प्रोसेसरही साधारण तेवढाच उतरतो," जावई घाईने म्हणाला. शास्त्र बरोबर होतं, वेळ चुकली.

"म्हणजे त्या डबड्यासाठी आम्ही स्वेटर घालायचे? पंख्यापेक्षा एसी मोठ्याने घुरघुरतोय, आणि बिल येतं माझ्या नावावर."

"बिल मी भरतो म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत."

स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, "बाबा, पुरे." पण पुरे कुणालाच व्हायचं नव्हतं. जावयाने तणतणत नवा टॅब उघडला. "मी वॉटर कूलिंगच बसवतो. पाण्याने गार होतं, कटकटच नको."

"आणि पाणी कशाने गार होतं?"

"रेडिएटरने."

"रेडिएटरवर काय असतं?"

जावयाने फोटो मोठा करून पाहिला. "तीन पंखे. पण त्यांना रंगीत दिवे आहेत."