चिरंजीवांची करवत

लेस्टर,
दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं, "मागे ते झेंडूची माळ घातलेलं काय दिसतंय?" आणि तुमच्या चिरंजीवांनी "काही नाही, जुनं मशीन आहे," म्हणून विषय क्रिकेटवर नेला. ते जुनं मशीन म्हणजे वॉडकिन कंपनीची पीके मॉडेलची करवत. वजन टनाच्या आसपास, पातं १८ इंचांचं आणि मुक्काम आमच्या गॅरेजमध्ये. माझी गाडी उन्हाळ्यापासून रस्त्यावर उभी असते. सगळं मीच लिहिते, कारण ते सांगणार नाहीत, आणि सांगितलंच तर खर्चाचे आकडे गाळून सांगतील.

हे खूळ लॉकडाऊनमध्ये शिरलं. तेव्हा एक पत्र्याची, हाताने उचलता येणारी करवत आणली होती. तिच्यावर चपलांचं कपाट झालं. त्याचं दार आजही गुडघ्याने ढकलल्याशिवाय लागत नाही. दोष अर्थातच करवतीचा. "पत्रा थरथरतो, बीड थरथरत नाही," हे वाक्य मग सकाळ-संध्याकाळ ऐकू यायला लागलं. बिडात म्हणे ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे असतात, ते थरथर गिळून टाकतात. पूर्वीचे कारखाने ओतलेलं बीड महिनोन्‌महिने आवारात नुसतं पडू द्यायचे, म्हणजे आतले ताण निघून जातात, आणि मगच मशीनिंगला घ्यायचे.

बाबा, ही माहिती मला जेवताना ऐकवणारा माणूस तुमच्या घरात वाढला. तुम्ही जन्मभर बिबवेवाडीहून कंपनीच्या बसने भोसरीला जाऊन बिडाच्या ओतकामाचे लाकडी पॅटर्न केलेत. बीड गार होताना फुटामागे एक सूत आकसतं, म्हणून दोन फुटांच्या कामाचा पॅटर्न सव्वाचोवीस इंचांचा करायचा, हे तुम्ही याच मुलाला समजावत होतात तेव्हा स्वारी गच्चीवर पतंग उडवत होती. पुढे चालत जाण्याच्या अंतरावर विश्वकर्म्याच्या नावाचं कॉलेज मिळालं, तर तिथे जाऊन शिकले काय, कॉम्प्युटर! विश्वकर्म्याने पंचवीस वर्षं वाट पाहिली आणि व्याजासकट वसूल केलं.

तर वेल्समधल्या एका शाळेने सुतारकामाचा वर्ग मोडीत काढला. मशीन भंगाराच्या भावापेक्षा थोडंच महाग पडलं, आणि या एका मुद्द्यावर चिरंजीव आजतागायत बचाव करतात. त्याच्या नावाच्या पट्टीवर पत्ता आहे: ग्रीन लेन वर्क्स, लेस्टर. जोसेफ वॉडकिन यांनी १८९७ मध्ये इथे धंदा सुरू केला, आणि त्यांचं नाव झालं ते, बाबा, तुमच्याच जातकुळीच्या पॅटर्नमेकरांसाठी केलेल्या मशीनमुळे. कारखाना आता बंद आहे. म्हणजे आमच्या घरापासून बसने जाता येईल अशा ठिकाणी जन्मलेलं मशीन वेल्सला नांदायला गेलं, आणि आम्ही ट्रकचं भाडं भरून त्याला माहेरी आणलं. मला मात्र तीन वर्षांत माहेरी जायला जमलेलं नाही.

ट्रकवाल्याने ते फुटपाथला उतरवलं, सही घेतली आणि गेला. आत नेणं तुमचं तुम्ही. चिरंजीवांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर "छोटीशी मदत हवी" असा निरोप टाकला होता. चार आयटीवाले आणि एक हृदयरोगतज्ज्ञ आले. पाचही जणांनी मशीनला हात लावून "हं... एक, दोन, तीन" केलं. मशीनला काही कळलंसुद्धा नाही. तेवढ्यात समोरच्या घरातले ऐंशीच्या पुढचे आजोबा सपाता घालून बाहेर आले. तरुणपणी ते ग्रीन लेनलाच कामाला होते. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, घरून पहार, लाकडाचे ठोकळे आणि पाइपचे तुकडे आणले. पहारीने एक कोपरा दोन बोटं उचलायचा, ठोकळा सरकवायचा, मग दुसरा कोपरा, मग खाली पाइप. "मशीनखाली कुणी हात घालायचा नाही," एवढा एकच हुकूम. मागचा पाइप मोकळा झाला की पळत पुढे आणून ठेवायचं काम हृदयरोगतज्ज्ञांकडे होतं. फुटपाथ ते गॅरेज एवढ्या अंतराला दुपार गेली. उंबरा ओलांडताना कुणीतरी "मोरया" म्हणालं आणि अख्ख्या गल्लीचे पडदे हलले.

गॅरेजची जमीन त्याआधी फोडून नव्याने काँक्रीट ओतून घेतली होती. तो हिशोब लिहीत नाही, आईंना रक्तदाब आहे.

आत आल्यावर विजेचा प्रश्न उभा राहिला. मशीनला ४१५ व्होल्टची थ्री फेज लागते. बिबवेवाडीत आपल्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ती आहे. इथे साहेबाच्या देशात घराला सिंगल फेज, २३० व्होल्ट. रस्ता खणून नवी केबल टाकायचा जो अंदाज हातात पडला, तो वाचून चिरंजीव जेवणाआधीच झोपायला गेले. मग जुना फेज कन्व्हर्टर आणला. तो घरच्या विजेतून उरलेल्या फेज तयार करतो आणि ते करताना असा घुमतो, की तुमची नात वरच्या खोलीतून ओरडते, "बाबा, दळण झालं का?"

इथल्या दमट हवेत बिडावर एका रात्रीत तांबेरा चढतो. तेल लावून चालत नाही, लाकडाला डाग पडतात; म्हणून मेण घासायचं. लग्नात मिळालेली समई ज्या माणसाने आजवर एकदाही पुसली नाही, तो दर रविवारी मशीनला मेण घासून फडक्याने चमकवतो. खंडेनवमीला बेलग्रेव्ह रोडवरून झेंडू आणला. हळदीकुंकू वाहायला गेले, तर यांनी खाली आधी कागद अंथरला.

आई, बोटांची काळजी करू नका. पात्यावर झाकण आहे, आणि पात्यामागे एक पोलादी सुरी उभी असते, चिरलेलं लाकूड मिटून पातं धरू नये म्हणून. शिवाय मशीन चालू असताना आमच्याकडे कुणी कुणाशी बोलत नाही. संसाराला तो मोठाच फायदा झाला आहे.

एवढ्या धुडावर पहिली वस्तू काय झाली? जेवायला बसायचा पाट. पण खोटं कशाला बोलू, पाटाच्या दोन फळ्या कापून झाल्यावर कडेला कड लावून मी दिव्यासमोर धरल्या. मधून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. त्या पत्र्याच्या करवतीला हे सात जन्मांत जमलं नसतं. गेल्या आठवड्यात एक फळी मी स्वतः कापली. चपलांच्या कपाटाचं नवं दार मीच करणार आहे.

आता काम. या मशीनचे सगळे बोल्ट व्हिटवर्थ मापाचे, म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ठरवून दिलेल्या आट्यांचे. हल्लीचा मिलिमीटरचा एक पाना धड बसत नाही, आणि इथे जुने पाने विकणारे वस्तुसंग्रहालयाचे भाव सांगतात. तेव्हा बाबांनी रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी. पाव, तीन सूत, अर्धा आणि पाच सूत एवढी मापं हवीत. बाबांना ठाऊक आहे, पण आई बरोबर असतील म्हणून लिहिते: "१/२ डब्ल्यू" कोरलेल्या पान्याचं तोंड अर्ध्या इंचाचं नसतं. ते माप बोल्टचं. तोंड सात सुतांहून थोडं जास्तच भरतं. दुकानदार "चुकीचं कोरलंय" म्हणाला तरी सोडू नका.

तुमच्या इकडे यायच्या एप्रिलच्या तिकिटावर प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा आहेत. पाने हातातल्या बॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील. आधी थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला भरा, उरलेल्या जागेत पाने. चिरंजीव याच्या उलट यादी पाठवतील, ती धरू नका.

तुमची सून