पोपटी आणि वाइट्झनबॉक

म्युनिकच्या साडूंनी अर्ध्या लिटरची एकच बाटली आणली होती आणि ती उघडायचा मुहूर्त काढला नागावच्या पोपटीचा. गेटवेहून निघालेल्या लाँचवर सगळे पक्ष्यांना चिप्स चारत होते. साडू बाटली उभी धरून बसले होते. "तळाला यीस्टचा गाळ असतो, शेवटी हलकेच ढवळायचा." ते काम मांडवा ते अलिबाग बसने परस्पर उरकलं.

बिअरचं नाव आव्हेंटिनुस, जात वाइट्झनबॉक. किमान निम्मा गहू, बाकी बार्ली, अल्कोहोल 8.2 टक्के.

"म्हणजे आपली स्ट्राँगच की," मी म्हटलं.

भीमसेनांना 'ऑर्केस्ट्रात गाता का?' विचारल्यासारखं साडूंनी माझ्याकडे पाहिलं. ही म्हणे चढण्यासाठी नसते, सावकाश घोट घेत बसण्यासाठी असते.

वाडीत तात्यांनी मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावला. त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला लावलेली कोंबडी, अंडी आणि वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ केला. इकडे साडू उंच काचेचा ग्लास मागत होते. मिळाले स्टीलचे पेले. त्यामुळे बिअरच्या गडद तांबूस रंगावरचं व्याख्यान आम्ही श्रद्धेनेच ऐकलं. पेल्यात निम्मा फेस. तात्यांनी बर्फ पुढे केला, तर साडू दचकलेच.

तात्यांनी पेला हुंगला. "केळी घातल्यात. लवंगपण हाय."

"दोन्हीही नाही! ती यीस्टची करामत."

तात्यांना नवल वाटलं नाही. "आमची माडी तरी काय! सकाळी गोड, दुपारी तिचं डोकं फिरतं. कोण काय घालतंय तिच्यात?" साडूंच्या तासाभराच्या रसायनशास्त्राचा निकाल लागला.

चव मात्र खरंच भरगच्च होती. करपत आलेली साखर, मनुका, मागे ब्रेडचा खरपूसपणा, कडूपणा नावापुरता. धुरकट शेंगेवर तर झकास लागली.

काकू इतका वेळ नाक मुरडून शेंगा सोलत होत्या. साडू म्हणाले, "1907 मध्ये ही काढली तेव्हा ब्रुअरी माटिल्डे श्नायडर नावाची विधवा चालवत होती."

"बाईमाणूस?" काकूंनी हात पुसले. "मग एवढं काय मिरवताय पुरुष मंडळी? आणा इकडे."

उरलेली बाटली, गाळासकट, त्यांच्या पेल्यात गेली.