कंपनी खूश होऊन गेली

“किती मुलं घेतली, सर?”

“कंपनी खूश होऊन गेली.”

“ते झालं. पण घेतली किती?”

“परिसर फार आवडला त्यांना. झाडं, स्वच्छता, शिस्त. मॅडम म्हणाल्या, इतकी शांतता दुसऱ्या कुठल्या कॅम्पसला मिळाली नाही.”

“सर, आकडा.”

“या खेपेला घेतली नाहीत. पण खूश होऊन गेली.”

हे आमचे टीपीओ सर. ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर. नाव मुद्दाम देत नाही. तुमच्या घरात एखादा इंजिनिअर असेलच, त्याला विचारा आणि त्याच्या सरांचं नाव इथं घाला. मजकूर बदलावा लागणार नाही. तोच पांढरा शर्ट, तेच दोन मोबाइल, एकावर ‘येस मॅडम, येस मॅडम’ आणि मोकळ्या हातानं शिपायाला ‘बुके आला का’ म्हणून खूण. रात्री सव्वाअकराला ग्रुपवर मेसेज: ‘उद्या सकाळी आठ वाजता कंपनी. फॉर्मल्स कंपल्सरी. दाढी करून येणे.’ हा मेसेज मुलींच्या ग्रुपवरही जातो.

वसंतदादांच्या सरकारनं १९८३ साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली आणि महाराष्ट्रात उसाच्या शेजारी कॉलेजं उगवू लागली. आमचं त्यातलंच, जरा उशिराचं. मी तिथं मेकॅनिकलला शिकवतो. कॉलेज काढायला जमीन लागते, ती होती. कंपनी आणायला काय लागतं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते काम थर्मोडायनॅमिक्स शिकवणाऱ्या या गृहस्थांकडे ‘तात्पुरतं’ देण्यात आलं. ते तात्पुरतं अजून चालू आहे. आयआयटीत १ डिसेंबर उजाडला की कंपन्या एकमेकींच्या आधी मुलं पळवायला बघतात. आमच्याकडे येणाऱ्या कंपनीला टोलनाक्यानंतर डावीकडे वळायचं की उजवीकडे, इथपासून सांगावं लागतं. सर सांगतात. शेवटी कंटाळून स्वतःच नाक्यावर जाऊन उभे राहतात.

कंपनी म्हणजे बहुतेक वेळा पंचवीस वर्षांची एक एचआर मुलगी आणि मागच्या सीटवर झोपलेला एक टेक्निकलवाला. पण सरांच्या लेखी ते व्याही असतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. पोर्चमध्ये रांगोळीत कंपनीचा लोगो. एकदा रांगोळी भलत्याच कंपनीची निघाली. नावं मिळतीजुळती होती, धंदा वेगळा. एचआर बाईंनी हातातला नारळ सांभाळत विचारलं, “हे आमचे कॉम्पिटिटर ना?” सर म्हणाले, “हो, ते काल येऊन गेले. तुमची आज रात्री काढणार आहोत.” कुणी आलं नव्हतं, काढायचीही नव्हती. पण बाईंना वाटलं, इथं चढाओढ आहे. कंपनी खूश होऊन गेली.

टायची गोष्ट तर पंचक्रोशीत झाली आहे. सरांच्या ड्रॉवरमध्ये एक मरून टाय असतो, गाठ मारलेला. ती गाठ कोणत्या साली मारली ते सांगता येत नाही. सोडली तर परत कुणाला येणार नाही म्हणून सोडत नाहीत. मुलगा मुलाखतीला आत जाताना तो गळ्यात घालायचा, बाहेर आला की पुढच्याच्या गळ्यात. एका टेक्निकलवाल्यानं दुपारपर्यंत सहन केलं आणि मग विचारलं, “हा कॉलेजचा युनिफॉर्म आहे का?” सर दारातच उभे होते. “येस सर. इक्वॅलिटी.” तो माणूस इतका हसला, की नंतरच्या दोघांना त्यानं प्रश्नच विचारले नाहीत. दोघेही लागले. तेव्हापासून टायला कुणी नावं ठेवत नाही.

जेवणाचं तर विचारूच नका. बाहेर मुलं सकाळपासून वडापाववर आणि आत बासुंदी. थंडीत आलेली कंपनी असेल तर मागच्या शेतात हुरडा. मी एकदा बोललोही, की सर, हे लोक मुलं बघायला येतात की पंगतीला? त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच दुसरी वाटी मागितली असावी. मुलाखतींचं वेळापत्रक मात्र ते स्वतः करतात. कोण सकाळी, कोण दुपारी, त्यात कुणाला बोट घालू देत नाहीत.

कंपन्यांच्या अटी ठरलेल्या. दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे साठ टक्के आणि चालू केटी, म्हणजे राहिलेला विषय, नको. आता आमची निम्मी मुलं डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. त्यांना बारावीच नाही. आणि कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये बारावीच्या रकान्याला लाल चांदणी. भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मुलं रडवेली होऊन सरांकडे. सरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, सिस्टीममध्ये तसं आहे. सर म्हणाले, “मॅडम, सिस्टीमला सांगा, या पोरांनी बारावी नाही केली, पण मशिन चालवलंय.” सिस्टीमनं ऐकलं नाही. शेवटी डिप्लोमाचे टक्के तिथं भरायला तोंडी परवानगी मिळाली. कंपनी आली, परीक्षा झाली, आणि गणित सोडून सगळा पेपर कोडिंगचा निघाला. मेकॅनिकलच्या पोरांनी सी प्लस प्लस पहिल्या वर्षाला पाहिलेलं, तेही लांबून. निकाल शून्य. सर जिन्यावरून उतरत होते. मी काही विचारायच्या आत हात वर करून म्हणाले, “खूश होऊन गेली.”

त्यांचा अंकगणितावरचा हात पाहिला की वाटतं, हा माणूस थर्मोडायनॅमिक्समध्ये वाया गेला. एकाच हुशार मुलीला तीन कंपन्यांची पत्रं आली, तर ते तीन प्लेसमेंट. हे वर झालं. खाली भागाकाराला सगळी मुलं घ्यायची नाहीत, ‘पात्र आणि इच्छुक’ तेवढीच घ्यायची. केटीवाले पात्र नाहीत. एमपीएससीवाले इच्छुक नाहीत. उरलेल्यांत जे चार वेळा नापास झाले त्यांच्याकडून ‘मला उच्च शिक्षणात रस आहे’ असं लिहून घ्यायचं. असं करता करता एका वर्षी आमची प्लेसमेंट एकशे सात टक्के भरली. प्राचार्यांनी ती शंभरावर आणायला सांगितली. सरांनी आणली, पण त्यांना ते लागलं. “सात टक्के फुकट गेले,” असं ते महिनाभर म्हणत होते.

आणि या आकड्यांतला माल तरी काय? मोठ्या आयटी कंपन्यांचं नव्या मुलांचं पॅकेज गेली दहाबारा वर्षं साडेतीन लाखांच्या आगेमागे ठाण मांडून आहे. टीसीएसच्या ‘निंजा’चे ३.३६ लाख आमच्या पोरांना तोंडपाठ. त्या काळात आमच्या कॉलेजची फी मात्र अशी एका जागी बसून राहिलेली नाही. इंटर्नशिपचं त्याहून पुढे गेलंय. शेवटच्या वर्षी मुलं इंटर्नशिप शोधायला निघाली, की त्यांना असे लोक भेटतात जे काम देत नाहीत, सर्टिफिकेट देतात आणि वर पैसे घेतात. म्हणजे नोकरीही आपण विकत घ्यायची, तीही कच्ची. अशा एका गृहस्थाला सरांनी बासुंदी न देता परत पाठवलं. आमच्या कॉलेजच्या इतिहासात नाराज होऊन गेलेली ती एकमेव कंपनी.

ऑफर लेटर येऊनही महिनोन् महिने बोलावणंच न येणं, हे २०२२-२३ च्या सुमारास देशभरच्या मुलांनी भोगलं. आमच्याकडच्या एका मुलाच्या वडिलांचे पेढे वाटून झाले, पोरगा घरीच. ते सरांकडे आले. सर शांतपणे म्हणाले, “ऑफर आहे ना हातात? जॉइनिंग हा कंपनीचा अंतर्गत प्रश्न आहे.” वडील बघतच राहिले. मला त्या दिवशी सरांचा खरोखर राग आला होता. आत्ता लिहितानाही थोडा येतो.

हा राग धरून बसलो असतो तर बरं झालं असतं. पण एका शनिवारी त्यांची मोटारसायकल बंद पडली आणि माझी गाडी मोकळी होती. “जरा भोसरीपर्यंत सोडता?” म्हणाले. मला वाटलं, कुणाकडे लग्न असेल. मागच्या सीटवर एक पोरगा येऊन बसला. डिप्लोमावाला, दोन केट्या घेऊन सुटलेला, आदल्या वर्षीचा. म्हणजे सरांच्या हिशेबात ना पात्र, ना इच्छुक. आता तर विद्यार्थीही नाही.

वाटेत सरांनी विचारलं, “तुमचा जूनचा पगार झाला का हो?”

“नाही. मेचा अर्धा आलाय.”

“माझाही.” आणि मग त्या पोराकडे वळून, “तू ऐकू नको रे.”

भोसरी एमआयडीसीत एचआर नावाची गोष्ट बहुतेक शेडमध्ये नसते. मालक स्वतःच ग्रीसनं माखलेल्या हातानं बाहेर येतो. पहिल्याच शेडमध्ये सरांनी ओळख करून दिली, “मी टीपीओ.” मालकानं ऐकलं आरटीओ. तो घाईघाईनं आत गेला आणि टेंपोचे कागद घेऊन आला. गैरसमज मिटेपर्यंत चहा आलेला होता, आणि चहा आला म्हटल्यावर सर उठणारे नव्हेत. त्यांनी पोराचं कौतुक सुरू केलं. लेथवर हात बसलाय, सीएनसी शिकायची तयारी आहे, व्यसन नाही, घरी दोन म्हशी आहेत. म्हशींचा संबंध काय, ते मालकानं विचारलं नाही. “जागा नाही हो,” एवढंच म्हणाला. अशी पाच-सहा शेड झाली. प्रत्येक ठिकाणी म्हशी येत होत्या. उन्हानं माझं डोकं चढलं होतं. एका वळणावर मी म्हणालो, “सर, आज शनिवार आहे. आणि हा तुमच्या यादीतही नाही.”

“यादीतल्यांचं काय, त्यांचं होतं कसंतरी,” ते म्हणाले. “सकाळच्या बॅचची पोरं मी नसलो तरी लागतात. दुपारच्यांचं बघावं लागतं.”

मग पोर टपरीवर पाण्याची बाटली आणायला उतरला तेव्हा त्यांनी ते बासुंदीचं सांगितलं. दुपारच्या यादीत ते नेहमी इंग्रजीला अडखळणारी, मागच्या बाकावरची, घाबरट पोरं घालतात. दोन वाट्या बासुंदी पोटात गेलेला माणूस फार खोलात शिरत नाही, हा त्यांचा अनुभव. “दोन ते साडेतीन,” ते गंभीरपणे म्हणाले, “ही सुवर्णवेळ. चारनंतर चहा येतो, मग परत हुशार होतात.” मी इतकी वर्षं या माणसाला खुशामतखोर म्हणत आलो. तो आहेच. पण खुशामतीची वेळ त्यानं इतकी जपून वापरली असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी शेवटच्या शेडमध्ये काम झालं. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली एक वर्ष. स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं, ते कागद कसे करायचे ते सरांनी मालकाला तिथंच पाठकोऱ्या कागदावर काढून दिलं. त्या भानगडीत मालकाकडे दोन पोरांची जागा झाली. महिना चौदा हजार. पोर पाया पडायला वाकला, तर सर म्हणाले, “आधी सोमवारी वेळेवर ये. पाया काय, पुढच्या वर्षीही असतील.”

जुलैत प्रवेशाच्या कॅप राउंडच्या आधी कॉलेजचा फ्लेक्स लागतो. वीस फूट बाय दहा. वर संस्थापक, मग सचिव, मग त्यांचे चिरंजीव आणि उरलेल्या जागेत प्लेस झालेल्या मुलांचे फोटो, प्रत्येकाखाली पॅकेज. त्या वर्षी खालच्या कोपऱ्यात आमचं भोसरीचं पोरगं होतं, मरून टाय घातलेलं. खाली लिहिलेलं: ‘पॅकेज : आकर्षक’.

सचिवांनी सरांना बोलावलं. कामासाठी मीही तिथं होतो.

“आकर्षक म्हणजे किती?”

“चांगलं आहे साहेब.”

“किती, सर?”

“चौदा हजार महिना.”

“काढा तो फोटो. एनआयआरएफ रँकिंगच्या फॉर्ममध्ये मीडियन पगार भरावा लागतो, माहितीये ना? असली पोरं आकडा खाली ओढतात.”

आता एकशे सात टक्के काढणारा हा माणूस. त्याला काय, आणखी एक पोर ‘उच्च शिक्षणात’ ढकलणं काही जड नव्हतं. पण तो खुर्चीत नीट सावरून बसला. “साहेब, तो मागच्या वर्षी सुटलेला. या वर्षीच्या फॉर्ममध्ये तो येतच नाही. आणि आला असता तरी मीडियन मधल्या पोराचा असतो, शेवटच्याचा नसतो. तिथं चौदा हजार लिहा नाहीतर चौदा रुपये, मधला हलत नाही. सरासरी विचारली असती तर मी स्वतःच काढला असता.”

त्यांच्या तोंडून बरोबर गणित मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सचिवांना ते कळलं की नाही कोण जाणे, पण समोर दोन पालक येऊन बसले होते आणि त्यांच्यादेखत मीडियनचा विषय वाढवणं सोयीचं नव्हतं. फोटो राहिला.

दिवाळीनंतर फ्लेक्स उतरवला तेव्हा त्या पोराचे वडील तो मागायला आले. कडब्याच्या गंजीवर घालायचा होता. सरांनी दिला. वर अट घातली, की छापलेली बाजू आकाशाकडे नको, रस्त्याकडे उतरती ठेवायची.

“तुमचं रान हायवेला लागून आहे ना? मग पुढच्या ॲडमिशनपर्यंत राहू द्या तसाच. आणि संस्थापकांच्या बाजूला म्हैस बांधू नका.”