रॉड गेला हो!

दिवाळी तोंडावर आली की पुण्यातले गिझर सामुदायिकरीत्या आजारी पडतात. तोपर्यंत ते ठणठणीत असतात. सकाळी बटण दाबलं की वीस-पंचवीस मिनिटांत पाणी कढत, दिवा वेळेवर लागतो, वेळेवर जातो, कुणाची तक्रार नाही. मग एक गोड आवाजातला फोन येतो. 'सर, आपल्या गिझरचं फ्री सेफ्टी चेकअप ड्यू आहे.' फ्री म्हटल्यावर कोथरूडपासून कोंढव्यापर्यंत नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस इंजिनिअर दारात उभा. पाठीला सॅक, कानात ब्लूटूथ, बूट काढताना 'पाणी मिळेल का काकू' इतकं घरगुती वागणं. अर्ध्या तासात तो बाथरूममधून बाहेर येतो तेव्हा त्याचा चेहरा ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या सर्जनचा असतो, आणि नरक चतुर्दशीला थंड पाण्याने अभ्यंगस्नान करावं लागणार या धास्तीने घर हादरलेलं असतं.

'सर, युनिट अनसेफ आहे. रॉड गेलाय.'

हा रॉड तो पुराव्यादाखल सोबत घेऊन येतो. ओल्या वर्तमानपत्रावर आडवा ठेवलेला, करडा, खडबडीत, जागोजागी खाल्लेला, मधली सळई उघडी पडलेली. घरातली सगळी माणसं भोवती जमतात. आजी लांबूनच हात जोडते. इंजिनिअर काही बोलत नाही. बोलायची गरजच नसते. फक्त मोबाइलमध्ये फोटो काढतो आणि हळूच म्हणतो, 'या पाण्याने तुम्ही अंघोळ करत होतात.'

आता या रॉडबद्दल थोडं. तो मॅग्नेशियमचा असतो. गिझरची टाकी पोलादी, तिला आतून काचेचा मुलामा. मुलाम्याला कुठे बारीकशी चीर गेली की पाणी पोलादाला भिडतं आणि गंज सुरू होतो. तसं होऊ नये म्हणून टाकीत हा मॅग्नेशियमचा दांडा सोडलेला असतो. पोलादाच्या आधी मॅग्नेशियम झिजतं, म्हणून टाकी वाचते. दांड्याला तेवढ्यासाठीच नेमलेलं आहे. झिजणं ही त्याची नोकरी. ही युक्ती काही काल-परवाची नाही. तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या इंग्रजी युद्धनौकांवर 1824 साली लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून ती करून पाहिली होती. तांबं वाचलं, तुकडे झिजले. तुकडे झिजले म्हणून जहाज बुडालं, असं मात्र तेव्हा कुणी आरमाराला सांगितल्याची नोंद नाही.

म्हणजे झिजलेला रॉड हा गिझर धड असल्याचा पुरावा आहे. तो नव्यासारखा लखलखीत बाहेर आला असता तर काळजी करायला हवी होती. जळालेली वात दाखवून समई बिघडली म्हणणाऱ्याला आपण देवघरातून बाहेर काढू. रॉडवाल्याला मात्र सरबत देतो. रॉड संपत आला तर बदलावा, हे बरोबर. वर्षा-दोन वर्षांनी बघावा, खाल्ला गेला असेल तर दुसरा घालावा. बोअरच्या किंवा टँकरच्या क्षारट पाण्यावर असाल तर जरा लवकर. टाकीच्या किमतीपुढे त्याची किंमत चिल्लर आहे. पण 'रॉड बदलतो' या वाक्यावर इंजिनिअरचं पोट भरत नाही आणि टार्गेट तर मुळीच नाही. त्यामुळे रॉड गेला की पाठोपाठ एलिमेंट जातं. एलिमेंटवर क्षार बसलेत म्हणून डिस्केलिंग. डिस्केलिंगला टाकी टिकणार नाही म्हणून नवी टाकी. नव्या टाकीच्या पैशात थोडे घातले की नवा गिझर. जुन्याला एक्स्चेंज, नव्याला एएमसी, आणि 'आज बुकिंग केलं तर बसवणं फ्री.' वीस मिनिटांत पाणी तापवणारं यंत्र फुकट तपासणीपासून नव्या गिझरच्या ईएमआयपर्यंत कसं पोचलं हे कळायच्या आत आपण ओटीपी सांगून मोकळे झालेले असतो. तेवढ्यात तो जाता जाता म्हणतो, 'रॉड ठेवू का काका, की नेऊ?' आणि आपण म्हणतो, ने रे बाबा. कारण तो घरात ठेवावा कुठे, शास्त्र काय सांगतं, कुणालाच माहीत नसतं. मला दाट शंका आहे की शहरात असे रॉड मुळात मोजकेच असावेत आणि तेच सॅकमधून घरोघर फिरत असावेत. आमच्या सोसायटीत ए विंगमध्ये निघालेला आणि सी विंगमध्ये निघालेला रॉड यांना डाव्या बाजूला अगदी एकाच जागी एकच खड्डा होता. दोघांचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. जुळी भावंडंही इतकी सारखी नसतात.

रॉड चुकून शाबूत निघालाच तर व्हॉल्व्ह आहे. पाणी तापलं की फुगतं, हे सातवीच्या पुस्तकात आहे. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 65 अंशांवर नेलं की साधारण पाव लिटर जागा जास्त मागतं. मागे जायला वाट नसेल तर ते सुरक्षा-व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. पडावं म्हणूनच तो व्हॉल्व्ह लावलेला असतो. इंजिनिअरच्या वहीत मात्र ठिबकणारा व्हॉल्व्ह म्हणजे लीकेज, म्हणून अनसेफ. न ठिबकणारा व्हॉल्व्ह म्हणजे जॅम, म्हणून अनसेफ. 'कधीही ब्लास्ट होऊ शकतो सर, प्रेशर बघा ना.' बघू या. बहुतेक गिझर 8 बार दाबासाठी बनवलेले असतात. प्रेशर पंप नसलेल्या चारमजली इमारतीत वरच्या मजल्यावरच्या बाथरूमपासून गच्चीतली टाकी चार-पाच मीटर वर. तिचा दाब अर्धा बारसुद्धा नाही. टाकीतल्या पाण्याच्या नुसत्या उंचीने 8 बार गाठायचे तर ती 80 मीटर वर न्यावी लागेल. पर्वतीच्या माथ्यावर चढवली तरी तो आकडा गाठताना दमछाक होईल, आणि तिथे टाकी बसवायची परवानगी काढता काढता गिझर स्वतःहून निवृत्त होईल.

आमच्या शेजारच्या काकांची हयात भोसरीच्या कारखान्यांत खऱ्याखुऱ्या बॉयलरसमोर गेली. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा पास झालेला माणूस. त्यांनी रॉड हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, 'बरोबर झिजलाय. दुसरा घाल आणि जा.' बावीस वर्षांच्या त्या पोराने करुणेने त्यांच्याकडे पाहिलं. 'काका, तुमच्या वेळचं वेगळं होतं. आता टेक्नॉलॉजी बदललीये.' मॅग्नेशियम कधी बदललं ते त्याने सांगितलं नाही.

काकांनी मग त्याला बॉयलरचा कायदा ऐकवायला घेतला, आणि तो ऐकण्यासारखा आहे. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली. त्यानंतर 1864 मध्ये बंगालात तपासणीचा कायदा झाला. पुढे 1923 मध्ये सगळ्या देशासाठी एक कायदा आला, आणि आता 2025 मध्ये त्याची जागा नव्याने घेतली. बॉयलर कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे त्यात सरळ लिहून ठेवलंय. 25 लिटरपेक्षा लहान भांडं त्यात येत नाही. ज्यात पाणी 100 अंशांच्या खालीच तापतं तेही येत नाही. म्हणजे आपला 15 लिटरचा गिझर कायद्याच्या लेखी दोन्हीकडून निरुपद्रवी. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की खऱ्या बॉयलरपुढे, जो फुटला तर शेड उडते, सरकारी निरीक्षक येतो तेव्हा त्याच्या सॅकमध्ये विकायला ट्यूब नसतात. तो तपासतो, हायड्रॉलिक टेस्ट घेतो, सर्टिफिकेट देतो किंवा नाकारतो. त्याचा निर्णय पटला नाही तर मालकाला अपील आहे. आणि आपल्या बाथरूममध्ये? निदान करणारा तोच, औषध विकणारा तोच, ऑपरेशन करणारा तोच, आणि मेल्यावर पुढचा पेशंट एक्स्चेंजमध्ये देणाराही तोच. अपील कुठे? कस्टमर केअरला. तिथे आठ दाबा, नऊ दाबा, आणि शेवटी फोन त्याच पोराला.

आता हसणं पुरे, कारण खरी गोष्ट हसण्यासारखी नाही. त्या अर्ध्या तासात त्याने अर्थिंग तपासलं नाही. एकदाही नाही. गिझर 2000 वॉटचा, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर वीज ओढणारा. तो ज्या 16 अँपिअरच्या प्लगवर लावलाय त्याची पिन काळी पडलीये का, टॉप गरम होतो का, हे बघितलं नाही. घरात ईएलसीबी आहे का, असेल तर त्याचं टेस्टचं बटण शेवटचं कधी दाबलं, विचारलं नाही. ओल्या अंगाने माणूस जिथे उभा राहतो तिथे करंट आला तर जीव वाचवणाऱ्या या तीन गोष्टी आहेत, आणि तिन्हींकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पलीकडच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. खिडकी थंडी येते म्हणून बंद, एक्झॉस्टच्या भोकाला डासांसाठी पुठ्ठा. जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतो. अंघोळीला गेलेलं माणूस दार वाजवूनही उघडत नाही, ही बातमी महाराष्ट्रात दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येते. तो पुठ्ठा काढायला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण पुठ्ठा काढायला स्पेअर पार्ट लागत नाही. खिडकी उघडण्यावर कमिशन नाही. म्हणून चालता गिझर अनसेफ, आणि जीव घेऊ शकणारी खोली ओके, हिरवी टिक, धन्यवाद सर, फाइव्ह स्टार द्या प्लीज. त्या पोरावर रागावून तरी काय होणार. त्याला महिन्याला इतके रॉड आणि तितक्या एएमसी गळ्यात मारल्या नाहीत तर पगार कापणारा वर कुणीतरी एसीत बसलाय. मला राग त्याचा आहे, ज्याने 'सेफ्टी' नावाचा फॉर्म बनवताना त्यात अर्थिंगला एक ओळ दिली नाही आणि रॉडला चार दिल्या.

आणि तो फॉर्म! नवा गिझर नको म्हणालात की तो पुढे येतो. 'ग्राहकाने सूचना देऊनही दुरुस्ती नाकारली, होणाऱ्या परिणामांस ग्राहक जबाबदार.' खाली सही आपली. तपासलं त्याने, ठरवलं त्याने, धोका सांगितला त्याने, जबाबदारी आपली. कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडलेला बंब आमच्या आजोळी होता. धूर करायचा, डोळे चुरचुरायचे, हात भाजायचे, त्याचं कौतुक मला सांगायचं नाही. पण तो गळायला लागला की तांबट डाख लावून द्यायचा, आणि डाख सुटला तर शिव्या तांबटाला पडायच्या. आजीकडून कुणी सही घेत नव्हतं.

तेव्हा यंदाच्या दिवाळीसाठी माझी एक नम्र योजना आहे. फुकट तपासणीला जरूर बोलवा. सॅक दाराबाहेर ठेवायला सांगा. चोरी होणार नाही, वॉचमन आहे. टेस्टर आणि मीटर तेवढा आत न्यायचा. आधी अर्थिंग, मग प्लग, मग ईएलसीबी, मग पलीकडच्या बाथरूमची खिडकी, आणि सगळ्यात शेवटी रॉड. जे आढळेल ते आकड्यासकट कागदावर लिहायचं: काय मोजलं, किती आलं, किती यायला हवं होतं. अनसेफ असेल तर का, तेही. आणि त्याच्याखाली सही करायची त्याने, तारखेसकट. गिझर खरंच धोकादायक असेल तर तो कागद घेऊन मी स्वतः त्याच दिवशी नवा आणीन, हव्या त्या दुकानातून.

आमच्या सोसायटीत ही योजना परवा एका विंगेत राबवली. पेन पुढे केल्यावर इंजिनिअरने गिझरकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, 'तसा अजून दोन-तीन वर्षं काढेल, काका.'