आपला माणूस, मुक्काम न्हावा शेवा

जहाजावर नोकरी करणारा मराठी माणूस परदेशी बंदरात उतरला की आधी दोन गोष्टी शोधतो : वाय-फाय आणि आपला माणूस. वाय-फायला पासवर्ड लागतो. आपल्या माणसासाठी भाव बघून मोठ्यानं "अगं आई गं" म्हटलं की पुरतं. रॉटरडॅमच्या एका सुपरमार्केटात मी चीजच्या कपाटासमोर असा विव्हळलो, तर पलीकडच्या रांगेतून लगेच विचारणा झाली, "मराठी का?"

पुढचं ठरलेलंच. गाव कुठलं? सांगली. सांगलीत कुठं? विश्रामबाग. थोड्याच प्रश्नांत माझी चुलत आत्या त्यांच्या मेव्हण्याच्या वाड्यात भाड्यानं राहत होती, हे निष्पन्न झालं. मग ते स्वतः मिरजेचे निघाले आणि जरा गारठा पसरला. तरी घरी नेऊन पिठलं-भात वाढलाच. लंडनमधल्या मराठी मंडळींनी 1932 सालीच महाराष्ट्र मंडळ काढलं, त्याच्या मुळाशी असंच कुणाचं तरी पिठलं असणार, असा माझा अंदाज आहे.

आमच्या जहाजावरच्या फिलिपिनोंना ही वणवण ठाऊकच नाही. जगाच्या जहाजांवर ते इतके आहेत, की आपला माणूस शोधण्यापेक्षा चुकवणंच त्यांना अवघड. रात्री मेसमध्ये कराओके लावून सगळे एका सुरात गातात. मराठी मी एकटाच. एकट्याला भांडताही येत नाही.

अशात जहाज न्हावा शेव्याला लागलं. सगळे माझं अभिनंदन करायला लागले, "तुझं घर आलं!" माझं घर तिथून रात्रभराच्या एस. टी. प्रवासावर, हे कुणाला सांगणार? पूर्वी मुंबईच्या गोदीत पोती उतरवायला जहाजं आठवडेच्या आठवडे थांबत, खलाशांच्या ओळखी होत, उधाऱ्याही होत. 1989 साली सुरू झालेल्या या बंदरात क्रेन डबे भराभर उचलते आणि बहुतेक वेळा दिवसभरात जहाज परत निघतं. त्यात शोअर पास, गेट, तपासणी. एवढं सगळं पार करून इंजिनरूममधल्या एका फिलिपिनो ऑइलरला घेऊन मी, यजमान या नात्यानं, उरणच्या बाजारात पोचलो.

तिथं माझी मराठी ऐकून एका कोळीणमावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "पाहुणे, कुठले?" म्हणाल्या. सांगली सांगितल्यावर "लांबचे," एवढाच शेरा. मूळच्या त्या शेव्याच्या. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला, उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसला, तिथली घरं पुढं वाळवीनं पोखरली. बंदराचं सरकारी नाव जवाहरलाल नेहरूंचं. पण जगभरच्या बिल ऑफ लेडिंगवर अजून न्हावा शेवाच छापतात. मावशींचं गाव असं रॉटरडॅमपासून सिंगापूरपर्यंत सगळ्यांना पाठ. फक्त मावशींना तिथं राहता येत नाही. त्यांच्यापुढं माझं सांगलीपण काढून रडण्यात अर्थ नव्हता.

एवढ्यात ऑइलर खाली बसला. समोर सुक्या मासळीचा ढीग होता. त्यानं एक बोंबील उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. त्यांच्याकडं सकाळी भाताबरोबर सुकी मासळी तळून खातात. आम्ही मटणवाले, मला त्या वासानं ठसका लागला, तेव्हा दोघांनीही माझ्याकडं एकाच नजरेनं पाहिलं.

पुढं दुभाष्याची गरज लागली नाही. बोटांवर भाव झाला, मान हलवून कमी झाला, वर मूठभर जवळा पडला. मावशींनी हातानंच त्याला गाव विचारलं.

"इलोइलो," तो म्हणाला.

करंज्याच्या जरा पुढं असावं अशा समजुतीनं मावशींनी मान डोलावली. मीही मग घरच्यांसाठी पावशेर सोडे मागितले. मला पूर्ण भाव लागला.