सायकलीचे तिकीट

मुक्काम हेग, ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप नाना व सौ. माई यांचे चरणी बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पार्सल पावले. उडदाचे पापड प्रवासात चुरा झाले, बिबड्या मात्र अखंड आहेत. काळ्या मसाल्याने पार्सल उघडण्यापूर्वीच आपली हजेरी लावली असल्यामुळे, ते आणून देणारा इसम सही घेताना दोन पावले मागे उभा होता.

आता फोनची कैफियत. आपण फोन केलात तेव्हा मी समुद्रकाठी, भर पावसात, सायकलीवर होतो. आणि सायकल चालवताना हाती फोन धरणे हा या मुलखात २०१९ पासून दंडनीय अपराध असल्यामुळे मी तो उचलला नाही. एवढ्यावरून माईने तात्यांना, तात्यांनी आक्काला आणि आक्काने सबंध पहूर पेठेला ‘बाळू समुद्रात गेला’ अशी वर्दी दिल्याचे कळले. ही वार्ता पेठेतून कसब्यात पोहोचेपर्यंत माझे तेरावेही उरकले असावे. कसबेकरांनी पंगत कोणत्या पदार्थांची ठरवली होती, तेवढे कळवावे.

आम्ही चौघे होतो: एक सातारकर, एक नागपूरकर, कचेरीतला एक डच स्नेही आणि मी. हेगहून निघून दक्षिणेस झेलंड प्रांतातील व्लिसिंगेन बंदरापर्यंत, किनारा धरून सुमारे दीडशे किलोमीटरांची वाट आहे. वाटेत डोंगर नाही, टेकडी म्हणावी तर वाळूची. परंतु विधात्याने या देशाला पर्वत नाकारताना जी उणीव ठेवली, ती नैर्ऋत्येच्या वाऱ्याने सव्याज भरून काढली आहे. फर्दापूरपुढचा अजिंठ्याचा घाट नानांनी सायकल हाती धरून चढल्याची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या घाटाला निदान पलीकडे सपाटी आहे, या वाऱ्याच्या चढाला माथाच नाही. त्यात पाऊस असा, की तो वरून न येता समोरून येतो आणि छत्री उघडणाऱ्या मनुष्याला केवळ विनोदी रूप देतो.

(कुकर झाला. धाकटीला पोहण्याच्या शिकवणीस पोचवून परत बसलो आहे.)

झेलंडमध्ये १९५३ च्या जानेवारीअखेरच्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला आणि या देशातील १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर डच लोकांनी तीन दशकांहून अधिक काळ जे बांधकाम चालवले, त्यातला ऊस्टरस्केल्डे खाडीच्या मुखावरचा अडसर १९८६ साली पुरा झाला. आधी तेथे मुखच कायमचे बुजवायचे घाटत होते. पण मासेमारांनी व निसर्गप्रेमींनी तक्रार मांडल्यावर सरकारने बेत फिरवला आणि बासष्ट लोखंडी दारे बसवली, जी एरवी उघडी राहतात आणि तुफानाच्या वेळीच खाली उतरतात. तक्रार ऐकून नकाशा बदलणारे सरकार पृथ्वीवर आहे, हे तात्यांना सांगू नये. ते उद्या जामनेरच्या कचेरीत जाऊन बसतील.

याच नऊ किलोमीटरांच्या अडसरावर ही मंडळी, वादळाचा अंदाज आला की, वाऱ्याच्या विरुद्ध सायकल हाकण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरवतात. सायकली सर्वांना सारख्या, गिअर नसलेल्या. आम्हांला तीच शिक्षा वादळावाचून आणि बक्षिसावाचून मिळाली. मध्यावर थांबून आम्ही केळी खाल्ली. ती कोणत्या देशाची होती ते चिठ्ठीवर लिहिले होते, चवीत काही लिहिलेले नव्हते. त्या क्षणी आपल्या केळीच्या मळ्यातल्या पाण्याच्या पाटाची, कापणीच्या वेळी धोतराला लागणाऱ्या त्या काळ्या डागांची इतकी अनावर आठवण झाली, की नागपूरकराने ‘काय झालं?’ असे विचारले आणि मी वारा डोळ्यांत गेल्याचे सांगितले.

परंतु खरी हकीकत पुढेच आहे. परतीस आम्ही आगगाडीने यावयाचे ठरवले आणि सोमवारी चारच्या सुमारास, निथळत, व्लिसिंगेनच्या स्थानकावर दाखल झालो. तेथे उमगले की येथील रेल्वेत माणसासारखे सायकलीचेही तिकीट काढावे लागते, आणि ते सात-साडेसात युरो, म्हणजे आपले सुमारे साडेसहाशे रुपये! साडेसहाशे रुपयांत, नाना, आपण पाचोऱ्याहून सबंध वऱ्हाड आणले असते. बरे, पैसे मोजले तरी सुटका नाही. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा सायकलीला गाडीत मज्जाव आहे. अशा वेळी सायकल सोवळ्यातल्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी बाहेर तिष्ठत राहते. सातारकराची सायकल मात्र घडी होणारी. घडी घातलेली सायकल नियमाप्रमाणे सायकल नसून सामान असते, सबब तिला तिकीटही नाही आणि वेळेचे बंधनही नाही. तो चारच्या गाडीने सायकल विनामूल्य घेऊन गेला आणि खिडकीतून त्याने आम्हांस नमस्कार केला, हे मी विसरणार नाही. आम्ही तिघांनी साडेसहापर्यंत फलाटावर बसून ओले मोजे पिळले. ज्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत, तेथे सायकलीची ही संभावना!

आपल्या पाचोरा-जामनेर गाडीत, पीजेत, कोणी कधी सायकलीचे तिकीट मागितले? दुधाच्या चरव्या, करडू, आजारी आत्या आणि सायकल, सर्वांचा एकच डबा होता. आणि सायकल आत घेतली नाही, तरी शेंदुर्णीपर्यंत गाडीच्या बरोबरीने चालवता येत होती. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी २०२० मध्ये थांबली, आता मोठे रूळ यायचे आहेत. ते आले की वेगही येईल आणि वेगासोबत एखादा नियमही येईल. तोवर फलाटाकडे फिरायला जात असाल तर मला त्याचे छायाचित्र पाठवावे.

घरच्या मजकुराविषयी. नानांची जुनी सायकल भंगारवाल्यास देण्याचा विचार तहकूब ठेवावा. माझ्याकडून हा मनाई हुकूम समजावा. माईने गुडघ्याला तेल लावते असे फोनवर सांगणे आणि प्रत्यक्ष लावणे यांतील तफावत वहिनींनी तपासावी. आक्काच्या सुमीला पाहावयास येणाऱ्या मुलाने ‘परदेशात जाण्याची इच्छा आहे’ असे म्हटल्याने घरात आनंद झाल्याचे कळले. त्यास भाकरी थापता येते काय, हे आधी विचारून घ्यावे. आणि तात्यांना निक्षून सांगावे की, बांधाची मोजणी सरकारी मोजणीदार आल्याखेरीज करू नये, आणि तो आला तरी साखळीचे दुसरे टोक स्वतः धरू नये.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
बाळू