शांत शिखरांचे सर

सह्याद्रीत माणसं नेणाऱ्यांच्या सरळसरळ दोन जाती आहेत. पहिली जात कळसूबाईला नेते. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, लोखंडी शिड्या, वर देवीचं देऊळ, वाटेत लिंबू सरबत. माणसं खूश, लीडर खूश. दुसरी जात कळसूबाईचं नाव निघालं की नुसतं 'हं' म्हणते. हा 'हं' नाकातून येतो आणि त्यात सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी लागणारी रांग, मोठ्यानं लावलेली गाणी, वेफर्सची पाकिटं आणि एकूण मराठी समाजाची अधोगती एवढं सगळं असतं. मला सांगायचंय ते या दुसऱ्या जातीबद्दल.

यांना ग्रुपमध्ये 'सर' म्हणतात. वय पन्नास ते साठ, नोकरीतून मुदतीआधी निवृत्त. मूळ रंग कुणालाच आठवत नाही असा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि सॅकच्या मागे कॅराबिनरला अडकवलेला स्टीलचा मग. हा मग चहासाठी असतो, पण दिवसभर बाटलीवर आपटत खणखण वाजत राहतो. 'डोंगरात आवाज नको' हे सरांचं पहिलं सूत्र, आणि सर कुठवर पोचले हे मागच्यांना कळतं ते त्या मगामुळे.

तरुणपणी सरांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्स केला आणि 'ए' ग्रेड मिळवली. त्या २८ दिवसांवर पुढची तीस वर्षं निघाली आहेत. कुणाच्या पोटरीत गोळा आला की 'आम्ही उत्तरकाशीला असताना', आणि चहात साखर कमी पडली तरी 'आम्ही उत्तरकाशीला असताना'.

सरांचा निरोप आठवडाभर आधी येतो. 'ऑफबीट ट्रेक. ठिकाण : अकोले तालुका, बाकी बसमध्ये कळेल. श्रेणी : मध्यम. पाणी तीन लिटर. टाइमपास करणाऱ्यांनी येऊ नये.' ठिकाण गुप्त ठेवण्यामागे तत्त्व आहे. नाव फुटलं की रील होतं, रील झालं की पुढच्या रविवारी गाड्यांची रांग लागते आणि मग ती जागा गेलीच म्हणायची. म्हणून सर शिखरावर जाऊन फोटो टाकतात तो आभाळाचा. 'मध्यम' या शब्दाचा मात्र खुलासा ते करत नाहीत. अनुभवानं कळलेला अर्थ असा, की उतरताना बूड टेकावं लागलं तरी मध्यम, दोन्ही हात टेकावे लागले तरी मध्यम. कठीण म्हणजे काय, हे उत्तरकाशीलाच कळतं.

आळेफाटा मागे टाकून बस कोतूळच्या रस्त्याला लागली, म्हणजे आता कुणी उतरून परत जाऊ शकणार नाही अशी खात्री झाली, की सर उठून उभे राहतात. "मंडळी, आज घनचक्कर. जमलं तर पुढे गवळदेव."

दोन्ही शिखरं दीड हजार मीटरच्या वरची. उंचीच्या हिशेबानं राज्यातल्या पहिल्या पंगतीत बसणारी, पण विचारतं कोण? माझ्या पुढच्या सीटवरच्या मुलानं लगेच घरी फोन लावला. "आई, घनचक्करला चाललोय." पलीकडचा आवाज सगळ्या बसनं ऐकला. "घनचक्कर आहेसच रे तू, पण जातोयस कुठे?"

शिरपुंज्यात उतरल्यावर गोल करून ओळख परेड होते. नाव, काम आणि याआधी कुठे गेला होतात. या तिसऱ्या प्रश्नाला शहाणा माणूस 'पहिलाच ट्रेक' असं उत्तर देतो. एका मुलीनं उत्साहात 'राजमाचीचे काजवे' असं सांगितलं आणि काजवे दिसावेत म्हणून टॉर्च घेऊन जाणाऱ्या समाजाविषयी सर दहा मिनिटं बोलले. मग शांततेविषयी आणखी वीस मिनिटं. ऊन चढत होतं. शेवटी सरांनी माणसं मोजली. तेवीस. निर्जन शिखरावर जायला तेवीस माणसं बरोबर लागतात, यात सरांना काही विसंगत वाटत नाही आणि खरं सांगायचं तर ती त्यांची गरज आहे. एकटे गेले तर गर्दी किती वाईट असते हे सांगायचं कुणाला?

वाटाड्या मामा गावातलेच, महादेव कोळी समाजातले. पायात रबरी चपला, हातात कोयता, खांद्यावर रिकामी पिशवी. पाण्याची बाटली नाही, कारण पाणी कुठं आहे ते त्यांना माहीत असतं.

तासाभरात कारवी सुरू झाली, तीही डोक्यावरून जाणारी. सरांनी मोबाइलवर उतरवून घेतलेला ट्रॅक काढला.

"मामा, इथून उजवीकडे."

"तिकडं वाट नाय, सायेब."

"अहो, पण इथं रेघ दाखवतेय."

मामांनी वाकून मोबाइलमध्ये नीट पाहिलं. "रेघ हाय. वाट नाय."

"म्हणजे कुणीतरी गेलंय ना इथून?"

"गेलं आसंल. माघारी आलं का, ते बघा त्याच्यात."

आम्ही उजवीकडे गेलो. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तिच्या मधाला कसा भाव येतो, तिच्या काठ्या लिंपून कुडाच्या भिंती कशा करतात, हे सगळं सरांनी त्या अर्ध्या तासात सांगितलं. हातांवर ओरखडे, कॉलरमध्ये पाला आणि वर-खाली कुठेही आभाळ नाही अशा अवस्थेत आम्ही जिथून शिरलो होतो बरोबर तिथेच बाहेर पडलो. मामा दगडावर बसून कोयत्यानं एक काठी तासत होते. काही न बोलता त्यांनी ती काजवेवालीच्या हातात दिली आणि डावीकडे चालू लागले.

"मंडळी," सर म्हणाले, "याला एक्सप्लोरेशन म्हणतात."

माथ्यावर मात्र सरांना बघावं. तिथे तो माणूस खरंच मोठा होतो. रतनगड, त्याच्या शेजारचा खुटा, अलंग-मदन-कुलंग, कळसूबाई (हिला बोट दाखवलं, नाव घेतलं नाही), दक्षिणेला हरिश्चंद्रगड. नकाशा न काढता एकेक डोंगर ते घरच्या माणसाची ओळख करून द्यावी तसे दाखवत गेले. मग पायाखालच्या धारेकडे वळले. "इकडे पडलेला पाऊस प्रवरेला जातो आणि तिकडे पडलेला मुळेला."

"आणि पुढे?" फोनवाल्या मुलानं विचारलं.

"पुढे मुळा प्रवरेलाच मिळते. नेवाशाकडे."

"मग एवढं चढून फरक काय पडला?"

सरांनी उत्तर दिलं नाही. "आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही," एवढंच म्हणाले. तेवीस माणसं गप्प बसली. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला खालच्या वाटेवरून खणखण ऐकू आली. आधी मग आला, मग गळ्यातली शिट्टी, मग विटलेला शर्ट आणि त्यामागे मुंबईची अठरा माणसं. दोन्ही सरांनी एकमेकांकडे पाहिलं. चेहऱ्यांवर जे होतं, त्याला दुःखच म्हणायला हवं.

"इथंही गर्दी व्हायला लागली," आमचे सर म्हणाले.

"अहो, पाच वर्षांपूर्वी इथं काळं कुत्रं नव्हतं," ते सर म्हणाले.

"आपण उत्तरकाशीला कधी होतात?"

पुढचा पाऊण तास ते दोघं बोलत होते आणि आम्ही एकेचाळीस जण शांत होतो. दशम्या, लसूण चटणी, गूळ-शेंगदाणे, चिक्की असं सगळं इकडून तिकडे फिरलं. गवळदेव राहिलं ते राहिलंच. त्याचं खापर सरांनी पुढे बसमध्ये मुंबईकरांवर फोडलं.

त्यांची टिंगल करणं सोपं आहे, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. उतरताना घसाऱ्यावर एका काकूंचे गुडघे बोलू लागले. बाकीचे भराभरा खाली गेले. सर मागे थांबले, काकूंची सॅक पोटावर घेतली आणि दर वीस पावलांवर स्वतःच म्हणायचे, "जरा थांबू या काकू, मला दम लागतोय." दम लागलेला माणूस एवढं बोलत नाही, हे काकूंनाही कळत होतं. खाली पोचायला अंधार पडला. तेवीस माणसं पुन्हा मोजल्याशिवाय त्यांनी बस हलू दिली नाही आणि राजूरच्या पेढ्यांसाठी आग्रह करणाऱ्यांना 'हं' म्हणून गप्प केलं.

तेव्हा असे सर भेटले तर जरूर जा. तीन लिटर म्हणजे तीनच लिटर पाणी घ्या, वाटेत सर आणि मामांचं जुळेना तर मामांच्या मागे चाला, आणि सोमवारची रजा शुक्रवारीच टाकून ठेवा.